झाकणावरची हळद

रेणुकाच्या वहीत पाच रकाने होते: किंमत, वीज, पाणी, हमीची वर्षं आणि रुंदी. वही प्रात्यक्षिकाची होती, एक पान कोरं आणि एक रेघांचं. कोऱ्या पानावर तिनं नव्या घराचं स्वयंपाकघर पेन्सिलनं काढलं होतं, एका फुटाला एक सेंटिमीटर धरून. ओटा, शेगडी, मिक्सरचं बटण, फ्रिजची जागा, आणि मागच्या दाराशी सव्वादोन फुटांच्या कोनाड्यात वॉशिंग मशीन.

देऊळगाव राजात चिखली रोडच्या एका नव्या लेआउटमधलं हे दोन खोल्यांचं घर तिचं आणि गोकुळचं पहिलंच. ती ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तो बियाणं कंपनीचा माणूस, दिवसभर शेतकऱ्यांच्या शेडनेटांमधून फिरायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ती सहाही वर्षं भाड्याच्या एका खोलीत गेली होती. तिथं धुणं अंगणातल्या सामाईक दगडावर. घरमालकाच्या सुना समोर शेंगा सोलत बसायच्या आणि गोकुळच्या पँटचे मातीनं भरलेले गुडघे मॅडम कशा घासतात ते बघायच्या. त्या वाईट बायका नव्हत्या. पण त्यांच्यातल्या एकीचा मुलगा रेणुकाच्या वर्गात होता, आणि तो संध्याकाळी सायकल लावताना तिला उकिडवी बसलेली पाहून नजर वळवायचा. त्याचं नजर वळवणं तिला फार लागायचं.

म्हणून फ्रिज छोटा चालेल, मिक्सर दोन भांड्यांचा चालेल, पण मशीन पूर्ण ऑटोमॅटिकच, हे तिनं वही उघडायच्या आधीच ठरवलं होतं. रकाने नंतर आखले.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. गीताबाई घरभरणीसाठी सुलतानपूरहून आल्या होत्या आणि त्यांनी मशीनचा विषय निघताच सांगितलं होतं, "सेमी घे वं बाई. हाताखाली राह्यते. आपून पानी टाकलं तं चालते, नाही टाकलं तं थांबते."

"आई, तिला समोर उभं राहावं लागतं," रेणुका म्हणाली होती.

"मंग? उभं राह्यलं तं काय पाय झिजतात?"

घराचं काम पैसे संपले तिथं थांबलं होतं, आणि थांबलं ते नेमकं जिन्यापाशी. जिना नाही म्हणून घराच्या स्लॅबवर टाकी चढवता आली नाही. ती मागच्या अंगणातल्या बाथरूमच्या बुटक्या स्लॅबवर बसवली होती. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. ते हौदात साठवायचं आणि मोटारीनं टाकीत चढवायचं. म्हणून वहीत पाण्याचा रकाना होता. टाकीच्या उंचीचा नव्हता.

शुक्रवारी दुपारी दोघं बशीरभाईंच्या दुकानात गेले. दुकान बसस्टँडजवळ, बाहेर कूलर रांगेत मांडलेले. बशीरभाई नमाजला गेले होते आणि काउंटरवर उमैमा होती. रेणुकानं तिला लगेच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी बारावीला होती. डावीकडच्या शेवटच्या बाकावर बसायची, वही स्वच्छ, अक्षर सुंदर आणि उत्तरं चुकीची. फिजिक्समध्ये राहिली आणि पुन्हा परीक्षेला बसली नाही.

"मॅडम, या नं," उमैमा उठून उभी राहिली. "नवं घर झालं म्हणे."

तेवढ्यात गोकुळचा फोन वाजला. काकडीच्या प्लॉटवरून कोणी शेतकरी बोलत होता. "तू पाह्य, मी आलोच," म्हणून तो बाहेर कूलरपाशी गेला.

रेणुकानं वही उघडून ठेवली. उमैमा तिच्या बरोबरीनं एकेक मशीन दाखवत गेली आणि किती किलोची, वीजबचतीच्या किती स्टारची, ड्रम कशाचा, हे न अडखळता सांगत गेली. रेणुकाला थोडं नवल वाटलं आणि थोडा रागही आला; वर्गात हिला इतकं कधी आठवलं नव्हतं. शेवटी वहीत खूण केलेल्या मशीनपाशी दोघी थांबल्या.

"मॅडम, घरी पाणी टाकीचं हाय नं? टाकी कितीक उंच हाय?"

"का?"

"याले प्रेशर लागते. टाकी खाली असली तं पाणीच चढत नाही. लोकं घेऊन जातात अन् मंग परेशान होतात. तसं असलं तं सेमी बरी पडते, बादलीनं पण पाणी टाकता येते."

बाजूला मिक्सर घ्यायला आलेल्या दोन बायका उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "हाव, आमच्याकडं सेमीच हाय. मीच बादल्या टाकते."

बादली. रेणुकाला त्या एका शब्दानं अंगणातला दगड दिसला, सायकल लावणारा मुलगा दिसला.

"टाकी स्लॅबवर आहे," ती म्हणाली.

"घराच्या स्लॅबवर नं, मॅडम? कारण की..."

"उमैमा, फिजिक्समध्ये किती होते गं तुला?"

उमैमा थांबली. त्या दोघी बायकाही तिच्याकडे पाहू लागल्या. "एकोणीस, मॅडम."

"मग दाबाचा धडा मला शिकवू नकोस."

ती हे हसत म्हणाली होती. त्या बायका हसल्या. उमैमाही हसली, ओढणी सारखी केली आणि बिलाचं पुस्तक ओढून लिहायला लागली. गोकुळ आत आला तेव्हा बिल तयार होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. घरात नवी वस्तू आली की गीताबाई तिला हळद-कुंकू लावल्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. मोटारसायकल असो की शेगडी. कुंकू पाण्यात कालवून त्यांनी पांढऱ्याशुभ्र झाकणावर स्वस्तिक काढलं, चारी कोपऱ्यांत हळदीची बोटं ओढली, नारळ फोडला आणि त्याचं पाणीही थोडं झाकणावर शिंपडलं. गोकुळनं त्याचा फोटो काढला.

मग रेणुकानं नळ सोडला आणि बटण दाबलं. आत काहीतरी कुरकुरलं. नळीतून दोऱ्याएवढी धार आली, कपड्यांचा वरचा थर ओला झाला न झाला, आणि धार थेंबांवर आली. वीस मिनिटांनी मशीन तीनदा ओरडलं आणि लाल दिवा लावून गप्प झालं. तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"खराब पीस दिला," गोकुळ म्हणाला आणि त्यानं दुकानात फोन लावला.

सोमवारी कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं मशीन उघडलंच नाही. नळी काढली, अंगठा लावून पाण्याचा जोर पाहिला, मग मागच्या दारातून बाहेर वाकून बघितलं.

"टाकी तीच काय?"

"हो," गोकुळ म्हणाला.

"मशीन चांगली हाय, साहेब. याले कमीत कमी दहा फूट वर टाकी पाह्यजे. ही तं काहीच नाही." त्यानं नळी पुन्हा बसवली. "दुकानात कोनं इचारलं नाही काय टाकीचं?"

गीताबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. गोकुळ रेणुकाकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती विचारणा होती. वर्ग सोडून घाईनं आलेली रेणुका पर्स खांद्यावर घेऊन उभी होती. ती विचार करून खोटं बोलली असती तर पुढं तिला स्वतःला समजावता आलं असतं. पण उत्तर विचाराच्या आधी बाहेर आलं.

"नाही. कोणी विचारलं नाही."

गीताबाई पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

त्याच संध्याकाळी मशीन टेम्पोत चढलं आणि त्याच टेम्पोतून सेमी ऑटोमॅटिक घरी आली. गोकुळ खुशीत होता. बशीरभाईंनी जास्तीचे पैसेही परत दिले होते. "बोललो मी त्या पोरीले," तो चहा पिता पिता म्हणाला. "म्हटलं, काउंटरवर शोभेले बसली काय? चार गोष्टी इचारता येत नाहीत गिऱ्हाइकाले?"

"काय म्हणाली ती?"

"काय म्हनन? मान खाली घालून उभी व्हती. चार लोकं व्हते, तिलेही कसंनुसं झालं असन."

रेणुका कप विसळायला उठली.

सेमीला गीताबाईंनी काही लावलं नाही. "आधी चालते काय ते पाहू," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सुलतानपूरला गेल्या. रेणुकानं खोकं उघडलंच नाही. रविवारी काढू, ती म्हणाली. रविवारी म्हणाली, पुढच्या रविवारी. धुणं ती मागच्या अंगणात, बाथरूमशेजारी आणून टाकलेल्या फरशीच्या तुकड्यावर करत राहिली. टाकी तिच्या डोक्यावरच होती.

मिक्सर घ्यायचा राहिला होता, म्हणून नऊ दिवसांनी ती एकटीच दुकानात गेली. दारातच, कूलरच्या रांगेच्या टोकाला, तिचं मशीन उभं होतं. त्यावर 'डेमो पीस, खास सूट' असा पुठ्ठा लावला होता. झाकणावर स्वस्तिक होतं. ते कोणी पुसायचा प्रयत्न केला होता. कुंकू पसरून गुलाबी ढग झाला होता आणि हळदीची बोटं लालभडक झाली होती. साबणाचं पाणी लागलं की हळद लाल होते. कुणीतरी तिला साबणानं घासलं होतं, बराच वेळ, जोर लावून. प्लास्टिकवर बारीक ओरखडे उठले होते.

काउंटरवर बशीरभाई स्वतः बसले होते. पन्नाशीचे, मृदू बोलणारे. त्यांनी खुर्ची पुढं केली.

"तकलीफ झाली तुम्हाला, मॅडम. आमचीच चूक. ती पोरगी आता मागं गोडाऊनमध्ये असते, काउंटरवर नाही बसवत मी तिला."

"ते मशीन..." रेणुका म्हणाली.

"त्याचं काय सांगू? पूजा झालेला माल. तुमच्यातला माणूस घेत नाही, म्हणतो ही दुसऱ्याच्या घरची लक्ष्मी, तिथून काऊन परत आली? आमच्यातला घेत नाही, म्हणतो ये क्या लगाया. कंपनी तर घेतच नाही." ते हसले. "चला, थोडं थोडं तिच्या पगारातून कापतोय, थोडं माझं. बशीरचाचा म्हणते मला, घरची पोरगी आहे, काढून कशी टाकू? पण मी तिला विचारलं, मॅडम. म्हटलं, बेटा, तू रोज दहा गिऱ्हाइकांना टाकीचं विचारतेस, यांनाच कसं नाही विचारलं? तर म्हणाली, चाचा, मला वाटतं विचारलं होतं. पण मॅडम नाही म्हणतात तर मीच विसरले असेन. मॅडम खोटं नाही बोलणार."

मागच्या बाजूला खोकी सरकवल्याचा आवाज आला.

रेणुकानं मिक्सर घेतला. कोणता घेतला ते तिला घरी गेल्यावर कळलं. तीन भांड्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात द्रवांचा धडा होता. तो तिनं दोनदा पुढं ढकलला होता. तिनं फळ्यावर दाबाचं सूत्र लिहिलं, उंची गुणिले घनता गुणिले जी, आणि टाकीचं चित्र काढलं. छकुली नावाची एक मुलगी, पुढच्या बाकावरची, फारशी हुशार नसलेली, उभी राहिली.

"मॅडम, ही उंची कुठून मोजायची? जमिनीपासून का?"

रेणुका खडू घेऊन फळ्याकडे वळली. "नाही," ती म्हणाली. "जिथं पाणी बाहेर पडतं तिथपासून." तिनं नळाच्या तोंडापासून आडवी रेघ ओढली. डावीकडच्या शेवटच्या बाकाकडे तिला बघवेना. तिथं आता दुसरंच कोणी बसत होतं.

संध्याकाळी गोकुळ आला तेव्हा ती मागच्या अंगणात मोजपट्टी घेऊन उभी होती.

"काय मोजून राह्यली?"

"तुम्ही हे टोक धरा. टाकीच्या तळाला लावा."

त्यानं धरलं. बाथरूमचा स्लॅब अंगणापासून सात फूट. घराचं जोतं अंगणापेक्षा दोन फूट उंच, आणि मशीनची नळी त्यावर साडेतीन फूट. तिनं आकडा वहीत लिहिला, कोऱ्या पानावर, आराखड्याखाली. दीड फूट.

"दुकानात तिनं मला विचारलं होतं," वही मिटून ती म्हणाली. "टाकी किती उंच आहे, कोणत्या स्लॅबवर आहे, सगळं विचारलं. सेमी घ्या म्हणाली. मी तिला चारचौघांत तिचे मार्क विचारले. मेकॅनिकसमोर मी खोटं बोलले."

गोकुळनं मोजपट्टीचं टोक सोडलं. पट्टी सळसळत आत गेली.

"मंग मी तिले काऊन बोललो?" तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "माय घरात व्हती म्हणून?"

"आई होत्या. तुम्ही होता. तो मेकॅनिक होता. आणि मी फिजिक्स शिकवते."

तो पायरीवर बसला आणि बुटांवरची शेडनेटची माती नखानं काढत राहिला. तिला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मले सांगायचं व्हतं नं," तो शेवटी म्हणाला. "मी काय तुले खाल्लं असतं?"

शनिवारी ते दोघं दुकानात गेले, न उघडलेलं खोकं ऑटोत घालून. दुकानात गर्दी होती; लग्नसराई तोंडावर आली होती. बशीरभाई एका नवरीच्या बापाला फ्रिजचं दार उघडून दाखवत होते. रेणुकाला वाटलं, गर्दी ओसरू द्यावी. मग तिला आठवलं की उमैमाला मार्क विचारताना तिनं गर्दी ओसरायची वाट पाहिली नव्हती.

"बशीरभाई, उमैमाला बोलवता का?"

उमैमा आली. हाताला खोक्यांची धूळ, ओढणी कमरेला खोचलेली. गोकुळला पाहून तिनं ती सोडून नीट घेतली.

"उमैमा," रेणुका म्हणाली. आवाज वर्गातलाच निघाला, तिला दुसरा येत नव्हता. "तू मला त्या दिवशी टाकी किती उंच आहे ते विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नव्हतं. टाकीचा तळ नळीच्या तोंडापासून दीड फूट वर आहे."

उमैमा पाहत राहिली.

"तू विसरली नव्हतीस. मी नाही म्हणाले ते खोटं होतं."

नवरीचा बाप फ्रिजचं दार हातात धरून उभा होता. बशीरभाईंनी एकदा रेणुकाकडे आणि एकदा उमैमाकडे पाहिलं. उमैमाचा चेहरा लाल झाला होता. डोळे भरले नव्हते. ती बशीरभाईंकडे वळली.

"चाचा, मी इचारलं व्हतं," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "मी इचारलं व्हतं."

"हां बेटा," बशीरभाई म्हणाले.

"बाई, माझीबी चूक झाली," गोकुळ तिला म्हणाला. "मी लय बोललो." तिनं मान हलवली; माफ केलं की नुसतं ऐकलं, ते त्या हलवण्यात कळलं नाही.

रेणुकानं बशीरभाईंना सांगितलं की खोकं उघडलेलं नाही, ते नवंच आहे, ते परत घ्या. आणि दारातलं मशीन आम्हाला द्या, पहिल्या किमतीला, सूट नको. उमैमाच्या पगारातलं कापलेलं तिला परत द्या.

"पण मॅडम, ती तुमच्याकडे चालणार नाही."

"माहीत आहे."

टेम्पोत मशीन चढवताना उमैमा बाहेर आली. पुठ्ठा काढून तिनं झाकणावरून बोट फिरवलं. "मी साबणानं घासलं," ती म्हणाली, जणू दुरुस्तीची माहिती देत होती. "जास्तच बिघडलं. उन्हात ठेवजा. हळद उडून जाते. कुंकवाचं सांगता येत नाही."

"ठेवते," रेणुका म्हणाली. "उमैमा, परीक्षेला पुन्हा बसायचं असेल तर मी..."

"नाही, मॅडम," उमैमा म्हणाली. ती उद्धटपणे बोलली नव्हती. आतून कोणीतरी कूलरचा भाव विचारला आणि ती काउंटरकडे गेली.

मशीन मागच्या दाराशी कोनाड्यात न ठेवता बाहेरच्या पायरीवर ठेवलं, ऊन येतं तिथं. फ्रिज त्या उन्हाळ्यात आला नाही, माठ आला. जो कोणी घर बघायला यायचा तो मागच्या दारापर्यंत यायचा आणि विचारायचाच, एवढं भारी मशीन असून मॅडम फरशीवर धुणं का धुतात? शेजारच्या तानाबाईंना, कॉलेजातल्या पूनम मॅडमना, मीटर वाचायला आलेल्या माणसालाही तिनं तेच सांगितलं. टाकी खाली आहे. दुकानातल्या मुलीनं विचारलं होतं. मी ऐकलं नाही आणि खोटं सांगितलं. प्रत्येक वेळी कान तापायचे. सवय होईल असं तिला वाटलं होतं. ती झाली नाही.

गीताबाईंचा फोन आला तेव्हाही ती धुणंच धूत होती. ओला हात पदराला पुसून तिनं फोन उचलला.

"चालते काय वं सेमी?"

"सेमी परत दिली, आई. पहिलीच आणली परत."

"काऊन?"

तिनं सांगितलं. पलीकडे कुठंतरी कोंबडी ओरडली.

"मेथी निवडता निवडता मले तुह्या तोंडाकडं पाह्यलं नाही गेलं त्या दिवशी," गीताबाई म्हणाल्या. "मले वाटलं, माह्या समोर म्हनून खोटं बोलली असन तू. मंग मी बी काही बोलली नाही."

रेणुका फरशीपाशी उभी राहिली. झाकणावरची हळद खरंच फिकी व्हायला लागली होती, एका कोपऱ्यातली तर पार गेली होती. नळाखाली बादली भरून वाहत होती. तिनं वाकून नळ बंद केला.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"हाव, तुह्या आवाजावरूनच," गीताबाई म्हणाल्या. "धुनं झालं काय? होऊ दे आधी. मंग बोलू."